नकाराचा रकाना

डॉक्टरांनी संमतीपत्रावरच्या 'हो' आणि 'नाही' या दोन्ही चौकटींवरून पेनानं एकच आडवी रेघ ओढली आणि कागद पालटला. इतकंच झालं. रेघ सरळ होती, तिच्यात घाई, राग, कंटाळा काही नव्हतं; दिवसाला पन्नास कागद हातावेगळे करणाऱ्या माणसाची ती रेघ होती. "सकाळी हो म्हणाल्या, आता नाही म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं उत्तर ग्राह्य मानता येत नाही. तुम्ही घरच्यांनी ठरवा. चारपर्यंत सांगा, म्हणजे उद्याची पहिली वेळ तुमच्यासाठी राखून ठेवतो." ते गेले. खिडकीजवळच्या पलंगावर आई डाव्या कुशीला कलून बाहेरच्या गच्चीवरच्या टाक्या बघत होती, जणू रेघ दुसऱ्याच कुणाच्या कागदावर पडली होती.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी दात घासताना तिचा उजवा हात ब्रशसकट खाली आला आणि शब्द गेले. मेंदूच्या डाव्या अर्ध्यात रक्ताची गुठळी अडकली होती. ती आली मानेतल्या रक्तवाहिनीतून, आणि ती वाहिनी आतून इतकी अरुंद झाली आहे की तिथून पुन्हा एखादी सुटू शकते. ऑपरेशन करून वाहिनी साफ करता येते. पण ते पहिल्या दोन आठवड्यांत केलं तर उपयोगाचं, आणि करता करताच पुन्हा झटका येण्याची थोडी शक्यता असते. करायचं की नाही हे आईनं सांगायचं होतं. आईकडे उरला होता फक्त होकार आणि नकार, तेही आपापल्या जागा विसरलेले. पेला दाखवून "हा चमचा आहे का?" विचारलं तर ती गंभीरपणे "हो" म्हणायची. मी तिची मुलगी का, यावर एकदा "नाही" म्हणाली आणि लगेच माझी ओढणी सारखी केली. पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली होती. ज्यांची उत्तरं मला आधीच ठाऊक आहेत असे प्रश्न, मधूनमधून पाणी देऊ का सारखे रोजचे, आणि पुढे तिचं उत्तर. माहितीच्या चौसष्ट प्रश्नांपैकी पस्तीस बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. म्हणजे डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. पण ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून जाईना, कारण विसंगत म्हणून बाद करायचं नाही, याचाच मला पगार मिळतो.

मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात काम करते. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे, तिथे भिंतभर नळवाहिन्यांचा नकाशा आहे आणि त्याच्याखाली आम्ही चौघं बसतो. रस्त्याखालचे मापक सांगतात की अमुक गल्लीत दाब पडला, गळती आहे. तिथे गेलेला लाइनमन सांगतो, खड्डा कोरडा आहे. तिसऱ्या घरातली बाई फोनवर सांगते पाणी नाही, चौथ्या घरातला माणूस सांगतो येतंय की. यातून कुठे खणायचं हे यंत्राला ठरवता यावं म्हणून आम्ही त्याला विचार करायला शिकवतो. मी रुजू झाले त्या दिवशी आमच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, मला फळ्यासमोर उभं केलं. "धर, चौकातला व्हॉल्व्ह उघडा आहे. म्हणजे 'व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा चंद्र आपल्या टाकीत पडलाय', हेही खरं. दोहोंतलं एक खरं असलं की झालं. आता दुसरी नोंद येते: व्हॉल्व्ह उघडा नाही. मग त्या वाक्यातलं पहिलं गेलं. उरलं काय?" मी म्हटलं, "चंद्र." मास्तरांनी खडू ठेवला. "जुन्या तर्कशास्त्रात एकदा उलटसुलट गोष्ट आत शिरू दिली की काहीही सिद्ध होतं. एक व्हॉल्व्ह बिघडतो आणि अख्खं शहर वेडं होतं." मी घरी जाताना बसमध्ये उभी होते आणि ती पायरी पुन्हा पुन्हा करून बघत होते. एकही पायरी चुकत नव्हती आणि चंद्र दर वेळी टाकीत पडत होता. इतक्या सरळ पायऱ्यांनी माणूस इतक्या दूर जाऊ शकतो, याचं मला तेव्हा जे वाटलं त्याला भीती म्हणावं की आनंद, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या यंत्रात म्हणून प्रत्येक गोष्टीला दोन नाही, चार खण आहेत: हो, नाही, दोन्ही, आणि कुणी काहीच सांगितलेलं नाही. 'दोन्ही'च्या खणात पडलेली गोष्ट तिथेच राहते. तिच्याभोवती कुंपण असतं. शेजारच्या गल्लीचं पाणी तिच्यामुळे गढूळ होत नाही.

आईला हे सांगितलं होतं तेव्हा ती हसली होती. ती सत्तावीस वर्षं जमीनमोजणीच्या ऑफिसात नकाशे काढायची. "यात नवीन काय केलंत गं तुम्ही?" म्हणाली. "दोघं मोजणीदार एकच बांध मोजून आले तर दोन आकडे घेऊन येतात. मी काय एकाला हाकलून द्यायचे? दोन्ही पेन्सिलीनं लिहायचे. बाकीचा नकाशा काढत जायचा. तोच सांगतो मग." हे ती कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलली, आणि मी आमच्या क्षेत्रातले लेख वाचून जे समजायला सहा महिने घालवले ते तिनं एका चादरीच्या घडीत बसवलं. आता त्या पलंगावर पडलेल्या तिच्याकडे बघताना मला सारखं तेच दिसत होतं. तिच्या आत उलटसुलट गोष्ट शिरली होती. पेला चमचा होता, मुलगी मुलगी नव्हती. नियमानं आता तिच्यात काहीही सिद्ध व्हायला हवं होतं. पण होत नव्हतं. ऊन आलं की ती डोळे बारीक करी. बाबा आत आले की त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकलेलं आहे हे त्यांच्याआधी तिला दिसे, आणि ती डाव्या हाताचं बोट तिकडे करी. मेंदूच्या चित्रात अक्रोडाएवढा काळा भाग होता, आणि त्याच्या काठापर्यंत सगळं शहर दिवे लावून जागं होतं. कुणी बांधलं ते कुंपण? आम्ही चौघांनी मिळून तीन वर्षांत जे धड जमवलं नव्हतं, ते या दीड किलोच्या मऊ गोळ्यात आधीपासून होतं.

बाहेर व्हरांड्यात बाबा आणि मावशी बाकाच्या दोन टोकांना बसले होते. मावशी आईची धाकटी बहीण. रोज दोन बस बदलून येते आणि आल्या आल्या आईचे पाय चेपते. "भावजी, ताईनं मला स्पष्ट सांगितलं होतं," ती म्हणत होती. "जे करायचं ते एकदाच करा, मला लटकत ठेवू नका, असं."

"कधी?"

"माझ्या दाढेच्या वेळी."

"दाढेच्या!" बाबा म्हणाले. "आणि मला सांगितलं होतं की मला कापाकापी नको. शेजारचे गेले तेव्हा. आता दाढेचं ऐकू का माणसाचं?"

"तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते म्हणून तुम्हाला तेवढंच ऐकू आलं असेल."

"वाटते. मग? तुला नाही वाटत?"

"मला न करण्याची वाटते."

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले, कारण मी शिकलेली आणि वहीवाली. खरं म्हणजे मीही बाबांच्या बाजूची होते. टेबलावर आई जाईल ही कल्पना मला सहन होत नव्हती; आणि वर्षभरानं, दुसऱ्या एखाद्या सकाळी जाईल, ही होत होती, कारण ती सकाळ अजून नव्हती. मी एक स्रोत होते आणि माझी खात्री देता येत नव्हती. मी म्हटलं, "थांबा जरा," आणि जिन्याकडे गेले, तेवढ्यात फोन वाजला.

फोन कानवाल्या काकांचा होता. ते आमच्याकडचे सगळ्यात जुने लाइनमन. लोखंडी कांबेचं एक टोक रस्त्यावर टेकवून दुसरं कानाला लावतात आणि खाली पाणी कुठे फुटलंय ते ऐकतात, म्हणून त्यांचं हे नाव. "मॅडम, आईंचं कसं आहे?" त्यांनी आधी विचारलं. मी सांगितलं. "देव आहे. आता एक सांगू का, रागवू नका. तुमच्या यंत्रानं आज मला ज्या गल्लीत पाठवलं तिथं सहा घरांत पाणी नाही म्हणून लिहिलंय. मी गेलो तर सहाही घरांत धो धो पाणी. एक आजोबा अंगण धूत होते. म्हटलं, पाणी नाही म्हणून कळवलंत ना? तर म्हणाले, छे. तुमच्या ऑफिसातल्या मुलीनं फोनवर विचारलं, माणूस पाठवू का? मी म्हटलं, नको."

"मग?"

"मग काय! तुमच्या कागदावर 'नाही' पण नकार आणि 'नको' पण नकार. दोन्ही एकाच रकान्यात." ते हसायला लागले. "अहो मॅडम, नाही म्हणणाऱ्याकडे पाणी नसतं. नको म्हणणाऱ्याकडे भरपूर असतं. एवढं माझ्या कांबेला पण कळतं."

तो रकाना मी केला होता. नाव पण मीच दिलं होतं, 'नकार', आणि किती नेटकं दिसतंय म्हणून खूश झाले होते. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. एक शब्द सांगतो की जगात अमुक गोष्ट नाही. दुसरा जगाबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगणाऱ्याबद्दल सांगतो. हे मला बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं, आणि नेमकं म्हणूनच कधी दिसलं नव्हतं. मी वही उघडली. पहिल्या तीन दिवसांत मी आईची उत्तरं पूर्ण शब्दांत लिहिली होती. चौथ्या दिवसापासून वेळ वाचावा म्हणून नुसतं 'ह' आणि 'न'. 'नाही'चाही न आणि 'नको'चाही न. सहा दिवस मी माझ्या हातानं, नीटनेटक्या अक्षरात, तिचं बोलणं पुसत होते. पण पहिले तीन दिवस शाबूत होते. पाणी देऊ? नको, आणि पेला तिनं डाव्या हातानं सारला होता. पडदा ओढू? नको, आणि मी तो तसाच ठेवल्यावर तिनं मान टेकली होती. पाच वेळा नको. पाचही वेळा खरं. हो आणि नाही नाण्यासारखे पडत होते. त्यांच्या मधून, मोडलेल्या भागाला वळसा घालून, एक अख्खा शब्द तिच्यापासून माझ्यापर्यंत चालत येत होता, आणि मी त्याला चुकीच्या रकान्यात बसवत होते.

मी आत गेले. सव्वाबारा वाजले होते. बाबांना आणि मावशीला बोलावलं आणि म्हटलं, मध्ये बोलायचं नाही. मग साधे आणि खोटे प्रश्न मिसळून विचारत गेले. हा रुमाल निळा आहे? हो, म्हणाली, पिवळा होता. तुझी उशी काढून घेऊ? नको. तुला दोन मुली आहेत? हो, आणि मी एकुलती. भर दुपारी दिवा लावू? नको. चष्मा नेऊ? नको, आणि हात चष्म्यावर. बाबांना घरी पाठवू? नको, हे इतकं चटकन आलं की बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मावशीला पाठवू? यावर आई काहीच बोलली नाही. बराच वेळ काही बोलली नाही.

"ताई!" मावशी म्हणाली.

आईच्या ओठांचा डावा कोपरा, जो हलतो तो, वर गेला. मला इतकं हसू आलं की वही खाली पडली.

तासाभरात अकरा वेळा नको आलं. अकराही ठिकाणी बसत होतं. माहितीच्या प्रश्नाला ते एकदाही आलं नाही. अकरा हा आकडा लहान आहे, आणि त्याची दिशा एकच आहे: नको आलं की ते खरं असतं, ते आलंच नाही तर काहीच कळत नाही. ते होकार सिद्ध करत नाही. पण प्रश्न उलटा करता येतो. ऑपरेशन करू, यावर नको आलं तर एक. न करता असंच राहू दे, यावर नको आलं तर दुसरं. एवढं सोपं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले, तिचा डावा हात हातात घेतला, आणि विचारलं, "आई, मानेचं ऑपरेशन करू?"

"नको," आई म्हणाली.

बाबांनी श्वास सोडला. मीही सोडला, खोटं कशाला बोलू. पण दुसरा प्रश्न विचारायचाच होता. "मग असंच राहू दे? ऑपरेशन न करता?"

"नको."

"झालं," मावशी पुटपुटली. "पुन्हा तेच." मी वहीकडे बघत बसले आणि मला हळूहळू कळलं की पुन्हा तेच नव्हतं. ऑपरेशन होणार आणि ऑपरेशन होणार नाही, ही दोन वाक्यं एकमेकांना खातात. पण ऑपरेशन नको आणि तसंच राहणंही नको, ही दोन शेजारी शेजारी बसतात. माणसाच्या मनात ती कायम बसलेली असतात. यात कुठेच विसंगती नव्हती. ती बाई घाबरलेली होती आणि नेमकं बोलत होती. मी तिसरा प्रश्न विचारला, जो आधी ठरवला नव्हता. "आम्ही ठरवू, आई? तुझ्याऐवजी?"

"नको," ती म्हणाली. या वेळी आवाज चढला होता.

तेव्हा मला लाज वाटली. नऊ दिवस आम्ही तिला विचारत होतो. सांगितलं कुणीच नव्हतं. डॉक्टर आकडे सांगत ते आम्हाला, व्हरांड्यात, आवाज खाली करून. जणू शब्द गेले म्हणजे ऐकूनही काही उपयोग नाही. मी वहीची दोन कोरी पानं फाडली. दोन्हींवर चौकटी काढल्या, दहा ओळी, ओळीत दहा. पहिल्या पानावर पंचवीस चौकटी काळ्या केल्या. "ही शंभर माणसं, तुझ्यासारखी. ऑपरेशन न केलेली. दोन वर्षांत यांतल्या इतक्यांना पुन्हा झटका येतो." दुसऱ्या पानावर नऊ. "ही केलेली. यांतल्या सहांना लगेच, ऑपरेशनच्या वेळीच. काही जातात. तिघांना नंतर." आईनं चष्मा सारखा केला आणि पानं बघितली. किती वेळ ते मी मोजलं नाही. तिची नजर ओळीवरून ओळीवर उतरत होती, कामावर असताना उतरायची तशी, आणि पहिल्या पानाच्या सातव्या ओळीवर थांबली. तिथे बोट ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळेना. तिनं माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली, डाव्या हातात कशीबशी धरली, आणि ओळीच्या टोकाला एक वेडीवाकडी चौकट काढली.

मी मोजलं. सातव्या ओळीत नऊच होत्या. मी नव्व्याण्णव माणसं काढली होती.

बाबा हळूच म्हणाले, "बघ. तिच्या ऑफिसातले सगळे टरकायचे तिला." समुद्रासमोर किंवा आकाशासमोर लोकांना लहान झाल्यासारखं वाटतं म्हणतात. मला ते एका कागदाच्या कडेला, पेन्सिलीच्या चार थरथरत्या रेघांसमोर वाटलं. पेल्याला चमचा म्हणणाऱ्या या डोक्यात शंभर माणसं उभी होती, आणि त्यांतलं एक कमी होतं ते तिला कळलं होतं, आणि ते हरवू द्यायला ती तयार नव्हती. किती ठिकाणी मोडलं म्हणजे माणूस मोडतो? मला वाटत होतं याला एक आकडा असेल. मग तिनं पेन्सिल टाकली आणि पहिलं पान हाताच्या पाठीनं सारलं. ते घसरत पलंगाखाली गेलं. "नको," ती म्हणाली. दुसऱ्या पानाकडे ती अजून बघत होती. मी विचारलं, "हे?" ती काही बोलली नाही. नको म्हणाली नाही. पान पुढ्यातच राहू दिलं.

डॉक्टर चारला पाच मिनिटं असताना आले. मी त्यांना सगळं सांगितलं, फार भरभर सांगितलं असणार, कारण ते दोनदा म्हणाले, "सावकाश." मग त्यांनी वही हातात घेऊन अकरा ओळी वाचल्या. "सवयीचे, भावनेचे शब्द कधी कधी वेगळ्या वाटेनं येतात, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण मला स्वतः विचारावं लागेल." ते आईसमोर वाकले. "बाई, उद्या ऑपरेशन करायचं ना?"

"नाही," आई म्हणाली, स्पष्ट.

डॉक्टर सरळ झाले. त्यांचा चेहरा वाईट नव्हता, त्यात कीवच होती, आणि तीच मला नको होती. "तुम्ही करायचं ना, असं विचारलंत," मी म्हटलं. "त्याचं उत्तर हो नाहीतर नाही. ते तिच्याकडे नाहीये. रद्द करू का, असं विचारा. एकदा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग पुन्हा वाकले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. आता ते उत्तर तपासत नव्हते, विचारत होते. "उद्याचं ऑपरेशन रद्द करू का?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीत टाक्यांमागे ऊन उतरत होतं आणि व्हरांड्यात कुणीतरी चाकांची खुर्ची नेत होतं. मला वाटतं मी त्या वेळी काहीही इच्छा करत नव्हते; जन्मात पहिल्यांदा मी नुसती ऐकत होते.

"नको," आई म्हणाली. "नको, नको."

डॉक्टर तसेच वाकलेले होते. "सकाळी आठ," ते म्हणाले, आमच्याशी नव्हे, तिच्याशी. ती बघत राहिली. मग ते गेले, आणि मावशी फोन करायला म्हणून बाहेर गेली, तिला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही. बाबा पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. ते हरले होते, पण तसे दिसत नव्हते. एखादं जड कपाट दोघांनी उचलावं आणि दुसऱ्यानं आपलं टोक नीट पकडलंय हे कळावं, तसे दिसत होते. त्यांनी तिला विचारलं, "भीती वाटते का गं?"

"हो," आई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आता यातलं कुठलं धरायचं?"

मी काही सांगणार, तेवढ्यात आईनं डावा हात लांब केला आणि त्यांचं मनगट धरलं.